संगणक अडून बसला, तर?

(आज संगणक अनेक घरांत पोहोचला आहे. तो अडून बसला, की घरातील माणसे गोंधळून जातात. पुष्कळदा बिघाड लहानसाच असतो. तो शोधण्याची एक सोपी पद्धत आहे. आपल्या शहरातील पाणचक्कीच्या उदाहरणावरून ती पद्धत या पाठात समजावून सांगितली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, समजा, रात्रीचे नऊ वाजले आहेत. तुमच्या आपाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे. उद्या शेवटची तारीख आहे. सगळी कागदपत्रे घरच्या संगणकात आहेत. आपा बटण दाबते, पण पडदा काळाच राहतो. ती पुन्हा बटण दाबते. काहीच होत नाही. अब्बा म्हणतात, "संगणक जळला वाटते. माझ्या दुकानाचा सगळा हिशेब त्यातच आहे!" दादी म्हणते, "कुणाची तरी नजर लागली असेल." धाकटा भाऊ संगणकाच्या डब्यावर दोन थापा मारतो. शेजारचा एक मुलगा येतो. तो न बघताच सांगून टाकतो, "आतले सगळे पुसून नव्याने भरावे लागेल."

अशा वेळी तुम्ही काय कराल? शेजारच्या मुलाचे ऐकाल, की आधी थोडा विचार कराल?

विचार कसा करायचा, हे समजून घेण्यासाठी आपण थोडा वेळ संगणक बाजूला ठेवू आणि पाणचक्की पाहू.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद शहरात, खाम नदीच्या काठी महमूद दरवाज्याजवळ पाणचक्की आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील ही चक्की पाण्याच्या जोरावर चालत असे. तेथे दर्ग्यातील फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई. तिच्यासाठी पाणी कित्येक किलोमीटर दूर असलेल्या डोंगराकडून आणले होते. ते जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येई. मग ते उंच भिंतीत वर चढे आणि तेथून हौदात कोसळे. पाण्याच्या जोराने खालची पाती फिरत आणि पात्यांबरोबर जाते फिरे.

आता सांगा, एखाद्या दिवशी हे जाते थांबले, तर शहाणा कारागीर काय करील? तो जात्याचा दगड फोडणार नाही. जाते थांबले, म्हणजे जातेच बिघडले, असे नसते. तो आधी हौदाकडे बघेल. पाणी पडते आहे का? पडत नसेल, तर भिंतीपर्यंत पाणी येते का? तेथेही येत नसेल, तर तो नळाच्या वाटेने मागे मागे जाईल. जेथपर्यंत पाणी येते आणि जेथून पुढे येत नाही, त्या दोन जागांच्या मध्येच अडथळा असणार!

संगणकाचेही असेच आहे. त्यात पाण्याऐवजी वीज आणि माहिती वाहते. भिंतीतील खटक्यापासून वीज निघते. ती तारेतून संगणकाच्या डब्यात येते. तेथील वीजपेटीतून ती मुख्य पट्टीला, म्हणजे मदरबोर्डला मिळते. संगणक जागा होतो, हार्ड डिस्कमधील माहिती वाचतो आणि चित्र तारेतून पडद्याकडे पाठवतो. या वाटेवर कोठेही खंड पडला, तरी आपल्याला एकच गोष्ट दिसते. पडदा काळा! म्हणून पडद्याला दोष देण्यापूर्वी वाट तपासली पाहिजे.

वाट तपासताना चार नियम लक्षात ठेवा.

पहिला नियम : आधी पाहा, ऐका आणि लिहून घ्या. कोणता दिवा लागला आहे? पंख्याचा आवाज येतो का? पडद्यावर काही सूचना आली का? ती सूचना घाईने पुसून टाकू नका. ती वहीत जशीच्या तशी उतरवून घ्या. बिघाड होण्यापूर्वी काय बदलले होते, तेही आठवा. नवी वस्तू जोडली होती का? टेबल सरकवले होते का?

लिहून ठेवण्याची ही सवय फार मोलाची आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क टू' नावाचा संगणक होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी तो नीट चालेना. तपास करणाऱ्यांनी एकेक भाग पाहिला. शेवटी एका रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्यात, एक पतंग अडकलेला सापडला. त्यांनी तो काढला, नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी नोंद केली. यंत्रातील दोषाला इंग्रजीत 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याची रीत त्यापूर्वीच होती. येथे तर खराच किडा सापडला! ते पान आजही अमेरिकेतील संग्रहालयात जपून ठेवले आहे.

दुसरा नियम : सोप्या गोष्टी आधी तपासा. खटका चालू आहे का? त्याच खटक्यावर दुसरा दिवा लागतो का? तारा घट्ट बसल्या आहेत का? संकेतशब्द चुकत असेल, तर कळफलकावरचे मोठ्या अक्षरांचे 'कॅप्स लॉक' बटण चुकून दाबले गेले आहे का?

तिसरा नियम : एका वेळी एकच बदल करा. एकदम पाच गोष्टी बदलल्या, तर कशाने काम झाले ते कळत नाही. आणि बिघाड वाढला, तर कशाने वाढला तेही कळत नाही.

चौथा नियम : माहिती आधी वाचवा. संगणक पुन्हा विकत घेता येतो. दादाजानांचा जुना फोटो आणि दुकानाचा दहा वर्षांचा हिशेब विकत मिळत नाही. संगणक थोडा जरी चालत असला, तर महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी दुसरीकडे काढून घ्या. 'सगळे पुसून टाकणे' हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

पुष्कळ लोक सांगतात, "संगणक बंद करून पुन्हा चालू करा." हा उपाय खरोखरच उपयोगी पडतो. तो का उपयोगी पडतो, ते पाहा. काम करताना संगणक हाताशी लागणारी माहिती 'रॅम' नावाच्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो. शिंपी जसा कापड, कात्री आणि दोरे टेबलावर पसरून बसतो, तसेच हे आहे. पसारा वाढला, गुंतला, की काम अडते. संगणक बंद केला, की हे टेबल रिकामे होते. पुन्हा चालू केल्यावर काम स्वच्छ टेबलावर सुरू होते. मात्र टेबलावरचे जे काम कपाटात, म्हणजे डिस्कवर, ठेवलेले नसते, ते नाहीसे होते. म्हणून शक्य असेल तेव्हा बंद करण्यापूर्वी काम जतन करा.

आता घरोघरी आढळणारे काही बिघाड पाहू.

आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि धूळही पुष्कळ असते. संगणक मंद चालत असेल किंवा मधूनच बंद पडत असेल, तर त्याच्या पंख्याकडे पाहा. धूळ साचली, की आतली उष्णता बाहेर पडत नाही. मग संगणकाचा मुख्य भाग स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. उष्णता फारच वाढली, तर तो बंद पडतो. काही घरांत धूळ बसू नये म्हणून संगणकावर भरतकामाचे सुंदर कापड घालतात. संगणक चालू असताना ते कापड काढून ठेवावे. डबा भिंतीला चिकटवून ठेवू नये. धूळ काढायची असेल, तर आधी संगणक बंद करून तार भिंतीतून काढावी. मोठ्या माणसाला जवळ घेऊन मऊ, कोरड्या ब्रशाने जाळी साफ करावी. वीजपेटी मात्र कधीही उघडू नये. तार काढल्यावरही तिच्या आत काही वेळ वीज साठलेली असते. ती जिवावर बेतू शकते.

दुसरा बिघाड मजेदार आहे. संगणक चालतो, इंटरनेटही जोडलेले असते. पण बरीच संकेतस्थळे उघडत नाहीत. 'ही जागा सुरक्षित नाही' अशी सूचना येते. अशा वेळी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहा. ती कित्येक वर्षे मागची असू शकते! संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा ३ व्होल्टचा एक सेल असतो. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. काही वर्षांनी तो संपतो आणि घड्याळ मागे जाते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ एक प्रमाणपत्र असते. त्यावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल, हे नोंदलेले असते. आपला संगणक पहारेकऱ्यासारखा ते तपासतो. पण पहारेकऱ्याच्या हाती जुने कॅलेंडर असेल, तर तो खऱ्या पाहुण्यालाही दारात अडवणारच! तारीख दुरुस्त केली, की संकेतस्थळे उघडतात. संगणक बंद केल्यावर तारीख पुन्हा चुकत असेल, तर कारागिराकडून सेल बदलून घ्यावा. इंटरनेट बिघडले असे आपण समजत होतो; खरा दोष एका लहानशा सेलात होता.

तिसरा बिघाड तुमच्या विशेष जवळचा आहे, कारण तुम्ही उर्दू आणि मराठी अशा दोन लिप्या वापरता. कोणी उर्दूतील पत्र पाठवते आणि उघडल्यावर तेथे नुसत्या चौकटी दिसतात. किंवा मराठीतील जुनी फाइल उघडावी, तर इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांची खिचडी दिसते. असे का होते?

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, फक्त आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने क्रमांक देत असे. त्यामुळे एका ठिकाणी लिहिलेले दुसऱ्या ठिकाणी वाचता येत नसे. जगातील सर्व लिप्यांना एकच क्रमवारी असावी, म्हणून 'युनिकोड' ही पद्धत निघाली. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. युनिकोडमध्ये देवनागरी 'क' चा क्रमांक २३२५ आहे आणि उर्दूतील 'बे' या अक्षराचा क्रमांक १५७६ आहे. हे क्रमांक सर्वत्र सारखेच असतात.

आता दोष शोधणे सोपे झाले. चौकटी दिसत असतील, तर बहुतेक वेळा क्रमांक बरोबर पोहोचलेला असतो. पण त्या अक्षराचे चित्र आपल्या संगणकाजवळ नसते. त्या लिपीचा फॉन्ट बसवला, की अक्षरे दिसू लागतात. खिचडी दिसत असेल, तर फाइल बहुधा जुन्या क्रमवारीत लिहिलेली असते. तिच्यासाठी तोच जुना फॉन्ट किंवा युनिकोडमध्ये रूपांतर करणारी आज्ञावली लागते. फाइल खराब झाली असे समजून ती टाकून देऊ नका. तिच्यातील मजकूर बहुधा शाबूत असतो.

उर्दू लिहिताना आणखी एक अडचण येते. वाक्याचे पूर्णविराम चिन्ह भलत्याच बाजूला जाते. याचे कारण असे, की संगणक तो परिच्छेद डावीकडून उजवीकडे जाणारा समजत असतो. विंडोज पद्धतीच्या संगणकावर उर्दू कळफलक बसवलेला असेल, तर उजव्या हाताकडील 'कंट्रोल' आणि 'शिफ्ट' ही बटणे एकदम दाबा. परिच्छेद उजवीकडून सुरू होईल आणि चिन्ह आपल्या जागी येईल.

मित्रांनो, सर्वच बिघाड घरी दुरुस्त करायचे नसतात. जळका वास आला, लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली किंवा हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तर संगणक ताबडतोब बंद करा आणि जाणकाराकडे न्या. कोठे थांबायचे हे कळणे, हेही शहाणपणच आहे. या कामाची आवड असेल, तर पुढे त्याचे रीतसर शिक्षणही घेता येते. आपल्याच शहरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकाचे शिक्षण देणारी 'नायलिट' ही केंद्र सरकारची संस्था आहे.

मदतीच्या नावाखाली फसवणारेही असतात, त्यांच्यापासून खबरदारी घ्या. कधी पडदा अचानक लाल होतो, मोठा आवाज येतो आणि सूचना येते, "तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे. या क्रमांकावर ताबडतोब फोन करा." कधी कोणी स्वतःच फोन करून म्हणतो, "मी संगणक कंपनीतून बोलतो आहे. मी सांगतो ते भरा, म्हणजे मी येथूनच दुरुस्त करतो." असे भरले, की तुमचा संगणक त्याच्या ताब्यात जातो. त्यानंतर तो बँकेचा संकेतशब्द किंवा ओ.टी.पी. विचारतो. हे लक्षात ठेवा : खऱ्या दुरुस्तीसाठी कोणालाही ओ.टी.पी. लागत नाही. असा फोन बंद करा. लाल पडदा जात नसेल, तर संगणकच बंद करा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा. लाजेने गप्प राहिल्यास चोराचाच फायदा होतो.

शेवटी मदत करण्याविषयी थोडेसे. दादीला परदेशातील मुलाशी बोलायचे असते आणि आवाज येत नसतो. तुम्ही तिच्या हातातील माऊस हिसकावून दोन क्षणांत काम करून देता. त्याने त्या दिवसाचे काम होते. पण दुसऱ्या दिवशी दादी पुन्हा तुमचीच वाट पाहत बसते. त्याऐवजी तिच्या शेजारी बसा. तिच्याच हाताने बटण दाबू द्या. चुकली तर हसू नका. संगणकाची भीती ही बिघाडाहून मोठी अडचण असते आणि ती रागावून जात नाही. जो धीराने शिकवतो, तोच खरी मदत करतो.

आता आपण आपाच्या खोलीत परत जाऊ. आपा थापा मारणाऱ्या भावाला थांबवते आणि म्हणते, "थांब, आधी वाट तपासू." खटक्यावर दिवा लागतो, म्हणजे वीज आहे. डब्यावरील दिवा लागला आहे, पंख्याचा आवाज येतो आहे, म्हणजे वीज आतपर्यंत पोहोचली आहे. पडद्याचा लहान दिवाही लुकलुकतो आहे, म्हणजे पडद्यालाही वीज मिळते आहे. मग उरले काय? डब्याकडून पडद्याकडे चित्र नेणारी तार! आपा मागे वाकून बघते. सकाळी झाडताना टेबल सरकवले होते आणि तार अर्धी बाहेर आली होती. ती खटका बंद करते, तार नीट बसवते आणि संगणक पुन्हा चालू करते.

पडदा उजळतो. अब्बांचा हिशेब जागेवर असतो. आपाची कागदपत्रेही जागेवर असतात. अर्ज भरून झाल्यावर अब्बा एक रिकामा पेन ड्राइव्ह तिच्या हाती देतात आणि म्हणतात, "बेटी, आता या सगळ्याची एक प्रत काढून ठेव."

शेजारच्या मुलाचे ऐकले असते, तर?

शब्दार्थ

शिष्यवृत्ती – शिक्षणासाठी मिळणारी मदत, वजिफा
बिघाड – खराबी, दोष
हौद – पाणी साठवण्याची बांधलेली जागा
पाती – पाण्याच्या जोराने फिरणारे चपटे भाग
कळफलक – अक्षरांची बटणे असलेली पाटी, कीबोर्ड
संकेतशब्द – गुप्त शब्द, पासवर्ड
स्मृती – आठवण, याददाश्त
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या आज्ञांची मालिका
शाबूत – सुरक्षित, न बिघडलेले

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पाणचक्की कोणत्या नदीच्या काठी आहे?
(आ) 'मार्क टू' संगणकात काय अडकले होते?
(इ) युनिकोडची पहिली आवृत्ती कोणत्या साली आली?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) संगणक बंद करून पुन्हा चालू केल्याने काम का होते?
(आ) मदरबोर्डवरील सेल संपल्यास संकेतस्थळे का उघडत नाहीत?
(इ) अक्षरांऐवजी चौकटी दिसणे आणि खिचडी दिसणे यांत काय फरक आहे?

३. कारणे लिहा.
(अ) वीजपेटी कधीही उघडू नये.
(आ) दादीच्या हातातील माऊस हिसकावून घेऊ नये.

४. अर्ज, तारीख, हिशेब, नजर, कारागीर, दुरुस्त, खबरदारी हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा. असे आणखी शब्द या पाठातून शोधा.

५. उपक्रम : घरातील सायकल, पंखा किंवा नळ बिघडल्यास कोणती वाट कशी तपासाल, ते क्रमाने वहीत लिहा.